वाचकांचे प्रश्न : घुसखोर आत आलाच, तर कुठवर जाईल?

संगणकांच्या जाळ्यांत होणाऱ्या घुसखोरीविषयी आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न निवडून या अंकात त्यांची उत्तरे देत आहे. एकमेकांशी जुळणारे प्रश्न एकत्र केले आहेत. पत्रलेखकांची नावे आणि त्यांच्या संस्थांचे तपशील मुद्दाम गाळले आहेत, कारण कोणत्या संस्थेत कोणती यंत्रे व कोणते सॉफ्टवेअर चालते ही माहितीसुद्धा हल्लेखोराच्या उपयोगाची असते.

प्रश्न : आमच्या कार्यालयात तीस-पस्तीस संगणक, एक फाइल सर्व्हर आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर आहे. इंटरनेटच्या बाजूला फायरवॉल (येणारे-जाणारे संपर्क गाळणारी व्यवस्था) आहे आणि प्रत्येक संगणकावर अँटिव्हायरस आहे. आमच्याकडे चोरण्यासारखे गुपित काहीच नाही. मग कोणी आमच्या मागे का लागावे?

उत्तर : बहुतेक घुसखोरींत कोणी विशिष्ट संस्थेच्या मागे लागलेले नसते. हल्लेखोराचा प्रोग्राम इंटरनेटवरील पत्ते एकामागून एक तपासत जातो आणि जिथे ओळखीची त्रुटी किंवा सोपा पासवर्ड सापडेल तिथे आत शिरतो. अशी तपासणी किती सोपी झाली आहे, हे मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप हे साधन प्रसिद्ध करून दाखवून दिले. एक साधा संगणक आणि एक गिगाबिट जोडणी एवढ्या सामग्रीवर आयपीव्ही४ या पत्ता-पद्धतीतील सर्व सार्वजनिक पत्त्यांवरील एखादे पोर्ट (म्हणजे संगणकावरील एखाद्या सेवेचे क्रमांक दिलेले दार) पाऊण तासाच्या आत तपासून होते. कार्यालय कितीही लहान असले, तरी त्याचा पत्ता या फेरीतून सुटत नाही.

ही पद्धत जुनीच आहे. रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने २ नोव्हेंबर १९८८ रोजी सोडलेला प्रोग्राम आपोआप एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पसरत गेला आणि त्या वेळी इंटरनेटला जोडलेल्या सुमारे ६०,००० संगणकांपैकी ६,००० संगणक त्याच्या तडाख्यात सापडले, असा अंदाज तेव्हा केला गेला. त्याने वापरलेले मार्ग पाहण्यासारखे आहेत. ईमेल पोहोचवणाऱ्या सेंडमेल प्रोग्राममध्ये चाचणीसाठी ठेवलेली सोय अनेक ठिकाणी चालूच राहिली होती, फिंगर या सेवेत प्रोग्रामिंगची चूक होती, आणि पासवर्ड ओळखण्यासाठी त्याच्याजवळ ४३२ शब्दांची यादी होती. विसरून राहिलेली सोय, न दुरुस्त केलेली चूक आणि सोपा पासवर्ड या तीन वाटांनीच आजही बरेचसे घुसखोर येतात.

आता चोरण्यासारखे काही नसण्याविषयी. हल्लेखोराला पुष्कळदा माहिती नको असते, आपले यंत्र हवे असते. २०१६ मध्ये मिराई या प्रोग्रामने कारखान्यातून आलेल्या सुमारे साठ नाव-पासवर्डांच्या जोड्या वापरून इंटरनेटला जोडलेले कॅमेरे आणि राउटर मोठ्या संख्येने ताब्यात घेतले. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशा यंत्रांनी संकेतस्थळांची नावे त्यांच्या पत्त्यांशी जोडून देणाऱ्या डिन या कंपनीवर एकाच वेळी मारा केला, आणि ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारख्या सेवा अनेक भागांत काही तास मिळेनाशा झाल्या. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांकडे कसलेच गुपित नव्हते. शिवाय आपण कोणाचे तरी पुरवठादार असता. २०१३ च्या अखेरीस टार्गेट या अमेरिकी विक्रेत्याच्या सुमारे ४ कोटी ग्राहकांच्या कार्डांची माहिती चोरीला गेली. तिथे घुसखोर शिरले होते ते शीतकरण यंत्रणेचे काम करणाऱ्या एका कंत्राटदाराकडून चोरलेल्या लॉगिनच्या आधारे. त्या कंत्राटदारालाही आपल्याकडे चोरण्यासारखे काय आहे असे वाटले असते, तर ते स्वाभाविकच होते.

फायरवॉलचे काम आपण घालून दिलेले नियम पाळणे एवढेच असते. ईमेल आणि वेबसाइट यांना आपणच वाट मोकळी करून दिलेली असते, आणि कर्मचाऱ्याने एखादी जोडलेली फाइल उघडली की हल्लेखोराकडे जाणारा संपर्क आपल्याच संगणकाकडून सुरू होतो. आतून बाहेर जाणारा हा संपर्क बहुतेक फायरवॉल न अडवता जाऊ देतात. अँटिव्हायरस पाहिजेच, पण जो प्रकार त्याने अजून पाहिलेला नाही तो त्याच्या हातून निसटू शकतो.

म्हणून मी आपल्याला एक उलट प्रश्न विचारतो. उद्या आपल्या स्वागतकक्षातील संगणक घुसखोराच्या ताब्यात गेला, तर तिथून तो कुठवर जाऊ शकेल? फाइल सर्व्हरपर्यंत, हिशेबापर्यंत, बॅकअपपर्यंत? या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देऊ नका. त्या संगणकासमोर बसून, त्या कर्मचाऱ्याच्या खात्याने काय काय उघडते हे पाहून कागदावर लिहून काढा. संरक्षणाचा जवळजवळ सारा खर्च घुसखोराला बाहेर ठेवण्यावर होतो, आणि आत आल्यानंतर त्याला पसरू न देण्यावर फारच थोडा. माझ्या मते हीच आजच्या व्यवस्थांतील सर्वांत मोठी उणीव आहे.

प्रश्न : जाळ्याचे भाग पाडावेत असे सगळीकडे वाचायला मिळते. पण माझ्यासारख्या एकट्या तंत्रज्ञाने नेमकी सुरुवात कुठून करावी?

उत्तर : सुरुवात जाळ्यापासून करू नका, अ‍ॅडमिन खात्यांपासून, म्हणजे संगणकांत हवे ते बदल करण्याचा अधिकार असलेल्या खात्यांपासून, करा. कारण सांगण्यासाठी एका घटनेचा तपशील द्यावा लागेल.

२७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या हा विध्वंसक प्रोग्राम युक्रेनमध्ये मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या एम. ई. डॉक या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला. एखाद्या संस्थेतील एका संगणकावर तो पोहोचला की पुढचा प्रवास तो दोन वाटांनी करीत असे. पहिली वाट विंडोजच्या फाइल देवाणघेवाणीच्या सेवेतील त्रुटीची होती, आणि तिची दुरुस्ती तोपर्यंत उपलब्ध झालेली होती. दुसरी वाट अधिक घातक ठरली. त्या संगणकाच्या स्मृतीत ज्या ज्या अ‍ॅडमिनच्या लॉगिनच्या खुणा राहिलेल्या असतील, त्या उचलून तो त्या अ‍ॅडमिनच्या नावानेच शेजारच्या संगणकांवर रीतसर प्रवेश करीत असे. त्यामुळे सर्व अपडेट वेळेवर केलेले संगणकही बळी पडले. मर्स्क या जहाज कंपनीचे अध्यक्ष जिम हॅगेमन स्नाबे यांनी पुढील वर्षी दावोस येथे सांगितले की कंपनीला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. कंपनीतील सर्वांची खाती आणि अधिकार सांभाळणारे डोमेन कंट्रोलर एकमेकांची प्रत ठेवत होते, आणि ते सगळे एकाच वेळी पुसले गेले. घानातील कार्यालयाचा एक तेवढा वाचला, कारण त्या वेळी तिथली वीज गेली होती.

यावरून क्रम ठरवता येतो. जाळ्याच्या व्यवस्थापकाने आपले रोजचे ईमेल आणि वाचन साध्या खात्याने करावे, आणि संपूर्ण डोमेनचा (संस्थेतील सर्व संगणक व खात्यांच्या एकत्र व्यवस्थेचा) अधिकार असलेल्या खात्याने कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर कधीही लॉगिन करू नये. छपाईची अडचण सोडवण्यासाठी दोन मिनिटे जरी असे लॉगिन केले, तरी त्याच्या खुणा त्या यंत्रावर राहू शकतात, आणि तेच यंत्र आधीपासून ताब्यात असेल तर घुसखोराला दुसरे काही शोधावेच लागत नाही. त्याचप्रमाणे सर्व संगणकांवर एकच स्थानिक अ‍ॅडमिन पासवर्ड ठेवण्याची सवय सोडावी. सोयीसाठी एकाच साच्यातून सारे संगणक तयार केले जातात आणि हा पासवर्ड सगळीकडे सारखाच राहतो. विंडोजवर प्रत्येक यंत्राला वेगळा पासवर्ड देऊन तो ठरावीक काळाने बदलणारी लॅप्स ही सोय मायक्रोसॉफ्टनेच दिलेली आहे.

यानंतर संगणकांमधील थेट संपर्काकडे वळा. एका कर्मचाऱ्याच्या संगणकाला दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या संगणकाशी थेट बोलण्याची गरज क्वचितच पडते. त्याला सर्व्हर, प्रिंटर आणि इंटरनेट एवढेच लागते. विंडोजमध्ये असलेल्याच फायरवॉलने कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर ४४५ (फाइल देवाणघेवाण) आणि ३३८९ (दुरून संगणक चालवणे) या पोर्टांवर येणारे संपर्क बंद केले, आणि दुरुस्तीसाठी फक्त एका ठरलेल्या यंत्राला परवानगी ठेवली, तर कोणतेही नवे उपकरण न घेता पसरण्याची सर्वांत रुळलेली वाट बंद होते. मला हा उपाय इतका महत्त्वाचा वाटतो, की या सदरातून एकच गोष्ट करणार असाल तर ती ही करा असे मी सांगेन.

मग व्हीलॅन, म्हणजे एकाच जाळ्याचे नियमांनी पाडलेले वेगवेगळे भाग. कॅमेरे, प्रिंटर, पाहुण्यांचे वाय-फाय, हिशेबाचे संगणक आणि सर्व्हर यांना वेगवेगळ्या भागांत ठेवावे, आणि एका भागातून दुसऱ्या भागात काय जाऊ द्यायचे याचे नियम ‘सारे बंद, लागेल तेवढेच चालू’ या तत्त्वावर लिहावेत. व्हीलॅन पाडून त्यांच्यामधील सर्व मार्ग मोकळे ठेवल्यास त्या विभागणीचा घुसखोराला काहीच अडथळा होत नाही, आणि दुर्दैवाने अशी जाळी पुष्कळ आढळतात. महादरवाजा पडला तरी बालेकिल्ला लढता राहावा, अशी जुन्या किल्ल्यांची रचना असे. इथेही तीच दृष्टी हवी. जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ मध्येच हे तत्त्व संगणकांसाठी मांडून ठेवले आहे: प्रत्येक प्रोग्रामला आणि प्रत्येक व्यक्तीला तिच्या कामापुरताच अधिकार असावा.

प्रश्न : अपडेट केल्यावर चालू कामात बिघाड होईल, या भीतीने आमचे वरिष्ठ दोन-तीन महिने थांबण्यास सांगतात. अपडेटमधूनच हल्ले झाल्याची उदाहरणेही ते देतात. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का?

उत्तर : त्यांची भीती खरी आहे, पण त्यावरचा त्यांचा उपाय अधिक धोक्याचा आहे. अपडेट प्रसिद्ध होते त्याच दिवशी त्रुटी कुठे होती हेही जगाला कळते. जुना आणि नवा प्रोग्राम शेजारी ठेवून काय बदलले हे पाहिले, की जाणकाराला ती त्रुटी वापरण्याची रीत शोधता येते. वॉनाक्राय या खंडणीखोर प्रोग्रामने १२ मे २०१७ रोजी दीडशेच्या आसपास देशांत धुमाकूळ घातला आणि ब्रिटनमधील रुग्णालयांना रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. त्याने वापरलेल्या त्रुटीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी १४ मार्चला दिली होती. आपले वरिष्ठ सांगतात तितका काळ थांबलेल्या संस्थाच त्या दिवशी सापडल्या.

इक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती कंपनीचे उदाहरण याहून बोलके आहे. अपाचे स्ट्रट्स या वेबसाइट उभारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमधील त्रुटी ७ मार्च २०१७ रोजी जाहीर झाली. कंपनीत ४८ तासांत दुरुस्ती करण्याची सूचनाही निघाली. पण ज्या सर्व्हरवर ते सॉफ्टवेअर चालू होते त्यातील एक दुरुस्तीविना राहिला, आणि तपासणीतही तो सापडला नाही. मे महिन्यात घुसखोर तिथून आत शिरले आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती बाहेर गेली. सूचना वेळेवर निघाली होती. कुठे काय चालू आहे याची पूर्ण यादी मात्र नव्हती. म्हणून अपडेटच्या धोरणाआधी यादी हवी: कोणती यंत्रे, त्यांवर कोणते सॉफ्टवेअर, त्याची कोणती आवृत्ती, आणि त्याची जबाबदारी कोणाकडे.

व्यवहारात असे करावे. इंटरनेटवरून थेट दिसणारी यंत्रे, म्हणजे फायरवॉल, व्हीपीएन (बाहेरून कार्यालयाच्या जाळ्यात येण्याची सुरक्षित वाट), मेल व वेब सर्व्हर, यांचे गंभीर अपडेट एक-दोन दिवसांत करावेत, कारण त्यांच्याबाबत तासांचा हिशेब असतो. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या असंख्य प्रोग्राममध्ये नोंदी ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरमधील त्रुटी उघड झाल्यावर तिच्या शोधात इंटरनेटभर तपासण्या सुरू व्हायला एक दिवसही लागला नाही. आतील संगणकांपैकी चार-पाच संगणकांवर अपडेट आधी करून पाहावेत आणि काही बिघडले नाही तर आठवड्याच्या आत इतरांवर करावेत. जी यंत्रे अपडेट करणे शक्यच नाही, उदाहरणार्थ एखाद्या महागड्या उपकरणाला जोडलेला जुना संगणक, ती स्वतंत्र भागात ठेवून त्यांचा इंटरनेटशी संबंध तोडावा.

अपडेटमधून आलेल्या हल्ल्यांविषयी वरिष्ठ सांगतात ते खरे आहे. नॉटपेट्याचे उदाहरण वर दिलेच आहे. २०२० मध्ये जाळ्यांवर देखरेख ठेवणारे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या सोलरविंड्स या कंपनीचे छुपे दार असलेले अपडेट सुमारे १८,००० ग्राहकांपर्यंत पोहोचले होते. पण तिथेही एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या छुप्या दाराला काम करण्यासाठी बाहेरच्या हल्लेखोराशी संपर्क साधावा लागत असे, आणि ज्या सर्व्हरला इंटरनेटवर मोकळे जाण्याची परवानगीच नव्हती तिथे ते निरुपयोगी राहिले. म्हणजे दुरुस्ती रोखून धरल्याने जे साधत नाही, ते सर्व्हरला बाहेर बोलण्याची मुभा मोजकीच ठेवल्याने साधते.

प्रश्न : दर दोन महिन्यांनी पासवर्ड बदलण्याची सक्ती योग्य आहे का?

उत्तर : नाही. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०१७ मध्येच ही सक्ती सोडून द्यावी अशी शिफारस केली. सक्ती केली की माणसे जुन्या पासवर्डच्या शेवटचा अंक तेवढा वाढवतात, आणि जुना पासवर्ड फुटलेला असेल तर नवा ओळखायला हल्लेखोराला क्षणभरही लागत नाही. पासवर्ड फुटल्याची शंका आली की तो लगेच बदलावा. एरवी तो लांब असावा, प्रत्येक ठिकाणी वेगळा असावा आणि आधी फुटलेल्या पासवर्डांच्या यादीत नसावा. इतके पासवर्ड डोक्यात ठेवणे कोणालाही शक्य नाही, म्हणून पासवर्ड मॅनेजर वापरावा.

मात्र बाहेरून उघडता येणाऱ्या कोणत्याही सेवेवर नुसत्या पासवर्डवर विसंबू नये. एप्रिल २०२१ च्या अखेरीस अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन या इंधन वाहून नेणाऱ्या कंपनीत घुसखोर आले ते वापरात नसलेल्या एका व्हीपीएन खात्यातून. ते खाते बंद केलेले नव्हते आणि त्याला पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी नव्हती. मे महिन्यात इंधनवाहिनी काही दिवस बंद ठेवावी लागली. जे खाते कोणी वापरत नाही त्यावर लक्षही कोणाचे नसते. कर्मचारी नोकरी सोडतो त्याच दिवशी त्याची सर्व खाती बंद व्हावीत, आणि दर तीन महिन्यांनी खात्यांची यादी मनुष्यबळ विभागाच्या यादीशी पडताळून पाहावी.

दुसऱ्या पडताळणीचे प्रकारही सारखे नाहीत. मोबाइलवर येणारी ‘मंजूर करा’ ही सूचना सोयीची आहे, पण २०२२ मध्ये उबर कंपनीच्या एका कंत्राटी कर्मचाऱ्याला हल्लेखोराने अशा सूचना पुन्हा पुन्हा पाठवल्या आणि त्यातली एक अखेरीस मंजूर झाली. बनावट पानावर टाकलेला ओटीपी हल्लेखोर त्याच क्षणी खऱ्या पानावर वापरू शकतो. पासकी (फोनमध्ये किंवा संगणकात साठवलेली डिजिटल की) किंवा हार्डवेअर की (संगणकाला जोडायचे छोटे उपकरण) यांची गोष्ट वेगळी आहे. त्या ज्या संकेतस्थळासाठी नोंदवल्या असतील त्याच संकेतस्थळाला उत्तर देतात, म्हणून बनावट पान हुबेहूब दिसले आणि माणूस फसला, तरी की फसत नाही. निदान अ‍ॅडमिन खात्यांना आणि ईमेल व्यवस्थापनाला तरी हीच पद्धत लावावी.

प्रश्न : घरून काम करण्यासाठी कार्यालयातील संगणकाचा रिमोट डेस्कटॉप (दुरून संगणक चालवण्याची सोय) इंटरनेटवर उघडा ठेवला आहे, पण त्याचा पोर्ट क्रमांक ३३८९ ऐवजी दुसराच दिला आहे. एवढे पुरेसे आहे का?

उत्तर : पुरेसे नाही. क्रमांक बदलल्याने अंदाधुंद तपासण्यांचा त्रास कमी होतो, पण सर्व ६५,५३५ पोर्ट तपासणाऱ्याला ती सेवा सापडतेच आणि ती देत असलेल्या उत्तरावरून ती ओळखूही येते. रिमोट डेस्कटॉप इंटरनेटवर उघडा ठेवूच नये. आधी व्हीपीएनने, दुसऱ्या पडताळणीसह, आत यावे आणि मगच आपल्या ठरलेल्या संगणकापर्यंत जाता यावे. आपले पत्र छापण्याआधी आपल्याला हे स्वतंत्रपणे कळवले आहे.

प्रश्न : घुसखोर आत आला आहे हे ओळखायचे कसे? लॉग (यंत्रांतील घडामोडींच्या नोंदी) तर रोज लाखो ओळींचे तयार होतात.

उत्तर : लाखो ओळी वाचून घुसखोर सापडत नाही. आपल्या यंत्रणेचे रोजचे वागणे कसे असते हे ज्याला नीट ठाऊक आहे, त्याला तो सापडतो. १९८६ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणक वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक निघाला. क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञाने तो क्षुल्लक म्हणून सोडून दिला नाही, आणि शोध घेत घेत माग पश्चिम जर्मनीतील हॅनोव्हरपर्यंत पोहोचला. घुसखोर मिळवलेली माहिती सोव्हिएत गुप्तहेर यंत्रणेला विकत होते. स्टोल यांची एक युक्ती आजही पहिल्या धड्यासारखी शिकावी अशी आहे. त्यांनी बाहेरून येणाऱ्या जोडण्यांना थेट प्रिंटर लावले आणि घुसखोराने टाइप केलेले प्रत्येक अक्षर कागदावर उतरवले. घुसखोर संगणकावरील नोंदी पुसू शकत होता. त्या कागदापर्यंत त्याचा हात पोहोचत नव्हता.

म्हणून लॉग त्या त्या यंत्रावरच ठेवून भागत नाही. ते लगोलग दुसऱ्या सर्व्हरवर जावेत, आणि त्या सर्व्हरची खाती मुख्य डोमेनपासून वेगळी असावीत. सर्व यंत्रांची घड्याळे एनटीपी या वेळ जुळवण्याच्या पद्धतीने जुळवलेली असावीत, नाहीतर पुढे घटनांचा क्रम लावता येत नाही. मग मोजक्या गोष्टींवर इशारा लावावा: नवे अ‍ॅडमिन खाते तयार होणे, लॉग पुसले जाणे, अँटिव्हायरस बंद पडणे, बॅकअपच्या प्रती काढून टाकल्या जाणे, एकाच खात्याने अल्पावधीत अनेक यंत्रांवर लॉगिन करणे, आणि एखाद्या सर्व्हरने पूर्वी कधीही न पाठवलेली मोठी माहिती बाहेर पाठवणे. हे इशारे दिवसाला चार-पाचच येतील एवढे नेमके ठेवा, म्हणजे ते वाचले जातील.

इशारा देणारे साधनच बंद पडले आहे का, हेही कोणीतरी पाहत राहिले पाहिजे. इक्विफॅक्समध्ये जाळ्यातील वाहतूक तपासणारे उपकरण होते, पण अशी वाहतूक उलगडण्यासाठी त्यावर लागणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपलेली असल्यामुळे सांकेतिक वाहतूक तपासलीच जात नव्हती. जुलै २०१७ च्या अखेरीस ते प्रमाणपत्र नवे केले आणि संशयास्पद हालचाल तेव्हाच दिसून आली.

मला आणखी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. पहिली शंका बहुतेकदा साध्या कर्मचाऱ्यालाच येते: माउस आपोआप हलला, न पाठवलेल्या पत्राला उत्तर आले, फाइलचे नाव बदललेले दिसले. चुकीची फाइल उघडल्याचे सांगितल्यावर ज्या कार्यालयात बोलणी खावी लागतात, तिथे ही शंका कोणी बोलून दाखवत नाही आणि घुसखोराला हवा तेवढा वेळ मिळतो. सांगणाऱ्याचे आभार मानण्याची पद्धत वरिष्ठांनी स्वतःपासून सुरू करावी.

प्रश्न : स्वतःच्या जाळ्याची परीक्षा घेण्यासाठी हॅकर वापरतात तीच साधने वापरली तर चालतील का?

उत्तर : चालतील, पण ज्यांची मालकी आपली आहे त्याच यंत्रांवर, आणि कार्यालयाचे जाळे असेल तर मालकाच्या लेखी परवानगीने. एनमॅपसारख्या, उघडी पोर्ट शोधणाऱ्या साधनाने बाहेरून आपल्या सार्वजनिक पत्त्याची तपासणी दर महिन्याला करावी आणि मागच्या महिन्यापेक्षा नवे काय उघडे दिसते ते पाहावे. कोणीतरी तात्पुरते उघडलेले आणि बंद करायचे राहून गेलेले पोर्ट अशाच तपासणीत सापडते.

प्रश्न : आमच्या संस्थेत एका सकाळी सर्व्हरवरील फाइली उघडेनात आणि पडद्यावर खंडणीची मागणी दिसली. घाबरून आम्ही सर्व यंत्रे बंद केली, सर्व्हर पुन्हा स्थापित केला आणि बॅकअपमधून फाइली आणल्या. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच घडले. आमचे काय चुकले?

उत्तर : घाबरण्यात गैर काही नाही, अशा सकाळी कोणीही घाबरेल. आपण तो एक सर्व्हर स्वच्छ केला, पण घुसखोर आला ती वाट आणि त्याने मिळवलेले पासवर्ड जसेच्या तसे राहिले असावेत. फाइलींवर कुलूप घालणे हे त्याचे शेवटचे काम असते. त्याआधी काही दिवस किंवा आठवडे तो आत फिरलेला असतो, खाती तयार केलेली असतात, आणि पुष्कळदा बॅकअपमध्येही त्याची साधने पोहोचलेली असतात.

पुन्हा अशी वेळ आली तर यंत्रे प्रथम जाळ्यापासून तोडावीत: केबल काढावी, वाय-फाय बंद करावे, इंटरनेटचा मुख्य दुवा सोडवावा. वीज मात्र शक्यतो बंद करू नये, कारण स्मृतीत असलेला पुरावा, आणि क्वचित कुलपाची कीसुद्धा, वीज जाताच नाहीशी होते. कुलूप घालण्याचे काम डोळ्यांदेखत चालू असेल आणि ते थांबवण्याचा दुसरा इलाज नसेल, तरच वीज तोडावी. नंतर बाधित यंत्रांच्या डिस्कची प्रत काढून ठेवावी आणि मगच त्यांना हात लावावा. आपसातील बोलणे ताब्यात गेलेल्या ईमेलवरून करू नये; घुसखोर ते वाचत असतो. फोनवर बोलावे.

त्यानंतरचा सर्वांत अवघड भाग म्हणजे तो कधी आणि कोठून आला हे शोधणे. ते कळल्याशिवाय कोणता बॅकअप स्वच्छ आहे हे ठरवता येत नाही. आपल्याकडे हे कौशल्य नसेल तर बाहेरचा जाणकार आणावा. इथे खर्च वाचवणे महागात पडते. तारीख ठरली की यंत्रे मूळ माध्यमावरून नव्याने उभारावीत, बॅकअपमधून फक्त माहिती आणावी, प्रोग्राम आणू नयेत. सर्व पासवर्ड कधीही बाधित न झालेल्या यंत्रावरून बदलावेत, आणि त्यात सर्व्हर आपसात वापरतात ती सेवा-खाती, व्हीपीएन, राउटर, ईमेल आणि क्लाउडवरील चालू लॉगिन या सर्वांचा समावेश असावा. सेवा-खाती बहुतेक वेळा विसरली जातात, आणि आपल्याकडे दुसऱ्यांदा तेच घडण्याचे कारण तिथे असण्याची दाट शक्यता मला वाटते. ज्यांची वैयक्तिक माहिती गेली त्यांना कळवणे हे आपले कर्तव्य आहे, आणि बऱ्याच देशांत तो कायदाही आहे.

खंडणी देऊ नये असे माझे मत आहे. कलोनियल पाइपलाइनने सुमारे ४४ लाख डॉलर किमतीचे बिटकॉइन दिले. बदल्यात मिळालेले कुलूप उघडण्याचे साधन इतके संथ होते, की कंपनीला स्वतःच्या बॅकअपवरूनही काम चालू ठेवावे लागले.

बॅकअपविषयी शेवटी. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी, हा जुना नियम योग्यच आहे, पण त्यांपैकी किमान एक प्रत अशी हवी, की जाळ्याचा सर्वोच्च अ‍ॅडमिनसुद्धा ती कार्यालयात बसून पुसू शकणार नाही. ती काढून ठेवलेली डिस्क असो, टेप असो, किंवा ठरलेल्या मुदतीपर्यंत बदल न स्वीकारणारी क्लाउडवरील साठवण असो. दर तिमाहीत एकदा, एका रिकाम्या यंत्रावर, हिशेबाची संपूर्ण यंत्रणा त्या प्रतीवरून उभी करून पाहावी आणि तिला किती तास लागले ते लिहून ठेवावे. आपण तिसऱ्यांदा सर्व्हर उभा करण्याच्या तयारीत आहात असे पत्रात लिहिले आहे. तो इंटरनेटला जोडण्याआधी सेवा-खात्यांची यादी पूर्ण करा.